पुराच्या वाटेकडे डोळे लावून

दादरमधील एका पर्यटन कंपनीच्या कार्यालयात आम्ही दोघी बहिणी बसलो होतो. समोरच्या तरुणाने संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता आम्हाला सांगितले, "मॅडम, जुलैमध्ये तिकडे फ्लड असतो. पूर ओसरला की ऑक्टोबरमध्ये जा, उगाच पैसे पाण्यात जायचे." बोट्स्वानातील ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशाविषयी मी दोन वर्षे वाचत होते आणि तो पूर गाठण्यासाठीच जुलै महिना निवडला होता. हे मी त्याला समजावून सांगू लागले खरी, परंतु 'पूर' हा शब्द कानावर पडताच शेजारी बसलेल्या ताईचा चेहरा उतरला आणि त्या दिवशी आम्ही काहीही न ठरवता पणशीकरांकडे पीयूष पिऊन घरी परतलो.

ताईच्या मनात या शब्दाला एकच तारीख चिकटलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दिवशी ती कलिन्याला तळमजल्यावर राहत होती. मिठी नदीचे पाणी दुपारनंतर घरात शिरले आणि रात्रीपर्यंत छातीला लागले. मुलांना घेऊन ती वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेली तेव्हा हातात फक्त देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि दूध तापवायचे पातेले होते. लग्नाचा अल्बम, बाबांची पेटी आणि मुलांची प्रगतिपुस्तके गेली ती गेलीच. पुढे ती मुलुंडला माझ्या शेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आली, पण पावसावर पाळत ठेवायची सवय तिला तेव्हापासून लागली. पहिला पाऊस कधी पडला, तुळशी आणि विहार तलाव कधी भरून वाहू लागले, हे ती दरवर्षी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात लिहून ठेवते.

तिचे मन वळवायला मला नकाशा उघडावा लागला. ओकावांगो नदी अंगोलाच्या उंच पठारावर कुबांगो या नावाने उगम पावते, वाटेत कुइटो नदीचे पाणी घेते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडते आणि मोहेम्बो येथे बोट्स्वानात शिरते. पुढे समुद्र नाही. तेथे भूपृष्ठाला पडलेल्या भेगांमुळे जमीन खचलेली आहे, त्या खोलगट भागात नदी हाताच्या पंजासारखी पसरते आणि कालाहारीच्या वाळूत संपते. अंगोलात पाऊस पडतो तो नोव्हेंबर ते मार्च या काळात, आणि त्याचे पाणी मोहेम्बोला सर्वांत जास्त असते मार्च-एप्रिलच्या सुमारास. तेथून खालच्या टोकाला असलेल्या माउन या गावापर्यंतचे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्या अंतरात जमीन उतरते ती अवघी साठ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वीसमजली इमारतीइतकी. त्यातून वाटेत गवत, लव्हाळी आणि बेटे. त्यामुळे पुराचा भर खाली पोहोचायला सुमारे चार महिने लागतात. ढोबळ हिशेब केला तर हे पाणी दिवसाला दोन किलोमीटर चालते. चर्चगेटहून विरारला जायला त्याला एक महिना लागेल, आणि तोही वाटेत कोणी साखळी ओढली नाही तर. गंमत अशी की ते पोहोचते तेव्हा बोट्स्वानात ऐन हिवाळा असतो, आकाश कोरडे निळे असते, स्थानिक पावसाची डबकी आटून गेलेली असतात आणि आजूबाजूचे सगळे प्राणी याच पाण्याच्या आशेने तिकडे सरकू लागलेले असतात. "म्हणजे पावसाशिवाय पूर?" ताईने चष्मा पुसत विचारले, आणि मग म्हणाली, "बघायला हवा."

तयारीविषयी थोडेच लिहिते. बोट्स्वानात पीतज्वर नाही, परंतु आम्हाला येता-जाता आदिस अबाबा येथे विमान बदलायचे होते आणि इथिओपिया त्या रोगाच्या देशांच्या यादीत असल्यामुळे आम्ही सरकारी लसीकरण केंद्रात जाऊन लस टोचून घेतली. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचे पिवळे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. हिवतापाच्या गोळ्या आमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. खरा प्रश्न सामानाचा होता. आतल्या भागात जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी वीस किलोच सामान नेता येते, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ कापडाचीच लागते, कारण ती विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात कोंबून बसवतात. ताईने दोन आठवडे आधी मोठ्या हौसेने चाके असलेली कडक सुटकेस घेतली होती. ती मुलुंडलाच राहिली; तिच्यातला पातळ पोह्यांचा चिवडा आणि भाजणीचे पीठ मात्र माझ्या वाट्याच्या वजनातून आफ्रिकेला गेले.

माउनच्या रस्त्यांवर गाढवे आणि शेळ्या अशा काही निवांतपणे फिरतात की आपण एखाद्या जंगलाच्या दारात उभे आहोत यावर विश्वासच बसत नाही. विमानतळावर पैसे बदलून घेतले तेव्हा हाती आलेल्या नोटांचे नाव होते 'पुला'. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. १९७६ साली या देशाने स्वतःचे चलन सुरू केले तेव्हा त्याला हे नाव दिले, आणि देशाच्या राजचिन्हावर ब्रीद म्हणूनही हाच एक शब्द कोरलेला आहे. बाईला 'डुमेला म्मा' आणि पुरुषाला 'डुमेला र्रा' असे अभिवादन केल्याशिवाय तेथे कोणी कोणाशी बोलायला सुरुवात करत नाही. मुंबईच्या माणसाला या सवयीने आधी वेळ मोडल्यासारखा वाटतो आणि दोन दिवसांत तिची गोडी लागते. संध्याकाळी आम्ही थामालाकाने नदीवरच्या जुन्या पुलाकडे गेलो. पुलाखाली वाळू होती. तीन-चार माणसे कठड्याला टेकून त्या कोरड्या पात्राकडे बघत गप्पा मारत होती. त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा एकच विषय येत होता, तो म्हणजे पाणी आता कुठपर्यंत आले आहे. २०१९ साली पाऊस कमी झाला तेव्हा ही नदी कोरडीच राहिली होती आणि आसपासच्या उरल्यासुरल्या डबक्यांतील चिखलात पाणघोडे रुतून बसले होते, असे त्यांच्यापैकी एकाने सांगितले. आपल्याकडे जूनअखेरीस सात तलावांच्या पातळीचे आकडे वाचताना आपण जो चेहरा करतो, तोच चेहरा त्या पुलावर होता.

दुसऱ्या दिवशी बारा आसनांच्या विमानातून आम्ही ओकावांगोच्या काठावरील ख्वाई या गावाकडे निघालो आणि त्या पाऊण तासात मी जे पाहिले त्याचा अर्थ मला नंतर आमच्या वाटाड्याने वाळूवर काडीने चित्रे काढून समजावला. वरून बघताना हिरव्या-निळ्या पाण्यात हजारो लहानमोठी बेटे दिसतात आणि त्यांतील बहुतेकांना कडेने गर्द झाडांची महिरप आणि मधोमध पांढरे टक्कल असते. यांतल्या असंख्य बेटांचा पाया वाळवीने घातलेला आहे. कोरड्या वर्षांत वाळवी सपाट जमिनीवर वारूळ उभारते. पूर येतो तेव्हा त्या वारुळाचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहतो. त्यावर पक्षी येऊन बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाड रुजते, झाडाच्या आडोशाला वाऱ्याने आलेली माती साचते आणि वारुळाचे बेट होते. पुढची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटली. नदीबरोबर विरघळलेले क्षार येतात आणि आत आलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणी हवेत उडून जात असल्याने ते क्षार मागे राहायला हवेत. त्या न्यायाने ओकावांगो हे एक प्रचंड मिठागर व्हायला हवे होते. ते होत नाही, कारण बेटांच्या कडेची झाडे रात्रंदिवस मुळांनी पाणी ओढत राहतात आणि त्या ओढीने क्षार बेटाच्या पोटात, जमिनीखाली गोळा होतात. मधले पांढरे टक्कल म्हणजे त्या साठलेल्या क्षारांचा वर आलेला अंश. तेथे झाड जगत नाही, पण त्या बदल्यात भोवतालचे सगळे पाणी गोडे राहते. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांशेजारी आयुष्य काढलेल्या आम्हा दोघींना हा हिशेब चटकन कळला.

ख्वाईचा आमचा मुक्काम तंबूत होता. जुलैतली पहाट इतकी गार असेल याची मला कल्पना नव्हती. सकाळी सहाला उघड्या जीपमध्ये चढताना हवेचे तापमान सात अंश होते, प्रत्येकाच्या मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी आणि वर लोकरी पांघरूण दिले जात होते, आणि ताई शालीवर शाल गुंडाळून "महाबळेश्वर बरे" असे पुटपुटत होती. ती शाकाहारी असल्याने जेवणाची मला धास्ती होती. तेथील मानाचे पक्वान्न म्हणजे तासन्‌तास शिजवून कुटलेले गोमांस. पण पहिल्याच संध्याकाळी ताटात ज्वारीचे आंबवलेले दाट पेज आणि चवळीच्या पाल्याची भाजी आली. पहिल्याला तिकडे 'टिंग' म्हणतात, दुसरीला 'मोरोगो'. ताईने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, ही तर आजीची आंबील. फक्त ताक विसरलेत." स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तिने दुसऱ्या दिवशी भाजणीचे थालीपीठ लावून दाखवले, आणि त्यांनी ते हसत हसत खाल्ले.

प्राण्यांविषयी वाचकांची अपेक्षा सिंहापासून सुरुवात करण्याची असते, म्हणून सांगून टाकते की आम्हाला सिंह दिसला, तो झोपलेला होता, चाळीस मिनिटांत त्याने एकदा कूस बदलली आणि तेवढ्यात आठ गाड्यांतून शेकडो छायाचित्रे निघाली. बिबट्याही दिसला. "हा तर आरे कॉलनीतही दिसतो," असे ताई उगाच मोठ्याने म्हणाली आणि जीपमधल्या एका जर्मन दांपत्याला मुंबईतल्या बिबट्यांची हकिकत सांगण्यात पुढचा अर्धा तास गेला. त्यांना ती बहुधा थाप वाटली असावी. मला मात्र लक्षात राहिले ते लेचवे नावाचे तांबूस हरीण. त्याचे मागचे पाय पुढच्या पायांहून लांब असतात, खूर पसरट असतात आणि संकट आले की इतर हरणांप्रमाणे झाडीकडे न जाता ते पाण्याकडे धावते. गुडघाभर पाण्यातून शंभरेक लेचवे उड्या मारत गेले तेव्हा मागे उडालेल्या तुषारांत सकाळचे ऊन अडकले होते, आणि पाठलाग करणारा तरस काठावर येऊन नुसताच उभा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी रानकुत्रे भेटले. आपल्या कोळसुंद्याशी त्यांचे नाते लांबचे आहे. अंगावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांचे असे शिंतोडे असतात की कुणी ब्रश झटकला असावा, आणि कोणत्याही दोघांचे ठिपके सारखे नसतात. जून-जुलैमध्ये त्यांची पिल्ले बिळात असतात, त्यामुळे कळप एका जागी टिकून राहतो. शिकारीला निघण्याआधी सगळे उठून एकमेकांभोवती घोळका करतात, अंगाला अंग घासतात आणि शिंकतात. याच ओकावांगोत अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की जितक्या जास्त शिंका, तितकी कळप निघण्याची शक्यता जास्त. आणि कळपातला मानाचा नर किंवा मादी पुढाकार घेत असेल तर थोड्या शिंकाही पुरतात. आम्ही त्या सकाळी शिंका मोजण्याचा प्रयत्न केला. नऊपर्यंत आकडा गेला आणि कळप निघाला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणावी असे मला तेव्हापासून वाटते आहे.

हत्ती इतके दिसतात की चौथ्या दिवशी माणूस त्यांच्याकडे पाठ करून चहा पिऊ लागतो. २०२२ च्या हवाई गणनेनुसार बोट्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत. दुसऱ्या कोणत्याही देशात एवढे नाहीत. आमच्या वाटाड्याच्या आईचे माउनच्या बाहेर ज्वारीचे आणि मक्याचे शेत आहे आणि गेल्या हंगामात एका रात्रीत पाच हत्तींनी ते साफ केले होते. तो हे सांगत असताना त्याच्या आवाजात पर्यटकांसमोर लावायचा सूर अजिबात नव्हता. सुक्या मिरच्यांची पूड हत्तीच्या शेणात कालवून त्याच्या विटा करायच्या आणि रात्री शेताच्या बांधावर त्या धुमसत ठेवायच्या, हा तेथला उपाय आहे. हत्तीला तो ठसका सहन होत नाही. दोडामार्गच्या आमच्या एका आतेभावाने तिलारी खोऱ्यात उतरलेल्या हत्तींपुढे दोनदा केळीची बाग गमावली आहे, त्याची मला आठवण झाली. शिकारीवर बोट्स्वानाने २०१४ साली घातलेली बंदी २०१९ साली उठवली, आणि २०२४ मध्ये युरोपातून त्यावर टीका वाढली तेव्हा तत्कालीन अध्यक्ष मोक्ग्वीत्सी मसिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देण्याची भाषा केली होती. मुंबईत बसून मला ते वक्तव्य उद्धट वाटले होते. त्या माउलीच्या शेताविषयी ऐकल्यानंतर मी त्यावर मत देणे थांबवले आहे.

पैशांविषयीही प्रामाणिकपणे लिहायला हवे. थोडे पर्यटक आणि मोठे दर, हे बोट्स्वानाचे जाणीवपूर्वक स्वीकारलेले धोरण आहे. त्यामुळे जंगलात गर्दी नसते हे खरे. मात्र आतल्या भागातील आलिशान निवासांत एका रात्रीला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या एखाद्या कुटुंबाचा महिना निघतो. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेचा एक भाग या प्रवासासाठी बाजूला ठेवला होता, तरीही आम्हाला गावकऱ्यांच्या तळांवर राहूनच हे जमले. त्या तळांची आणखी एक बाजू आहे. शेजारचे मोरेमी राखीव क्षेत्र १९६३ साली बातवाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर, त्यांच्या प्रमुखाच्या विधवा पत्नीच्या पुढाकाराने स्थापन केले, याचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. पण त्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या नदीकाठच्या बुशमन कुटुंबांना तेव्हा बाहेर यावे लागले आणि ख्वाई हे त्यांचे गाव. बोरिवलीच्या उद्यानातल्या पाड्यांविषयी ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

शेवटचे दोन दिवस आम्ही माउनच्या उत्तरेला बोरो येथे मोकोरोसाठी ठेवले होते. मोकोरो म्हणजे लांबट, उथळ होडी. पूर्वी ती सॉसेज ट्रीसारख्या मोठ्या झाडाचा बुंधा कोरून करत. आपल्याकडच्या जुन्या बागांत दोरीला टांगलेल्या दुधी भोपळ्यांसारखी फळे लोंबणारे जे झाड दिसते, तेच हे. आता मोठी झाडे वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरच्या असतात. मागे उभा राहून 'न्गाशी' नावाच्या लांब काठीने तळ रेटत नावाडी ती चालवतो आणि आपण बसतो तेव्हा पाण्याची पातळी कोपरापासून चार बोटे खाली असते. इंजिन नाही, वल्ह्यांचा आवाज नाही. गवत होडीच्या तळाला घासते तेवढाच सळसळाट. पाणी इतके नितळ की तळाची वाळू आणि त्यावरून गेलेली गोगलगायीची रेघ दिसत होती. वरच्या अंगाला पात्राचे काठ मातीचे नसून चक्क पपायरसच्या दाटीचे असतात, आणि आपण महापुरातही वाचणारी म्हणून ओळखतो त्या लव्हाळ्यांचाच हा माणसाहून उंच भाऊबंद पुराला अडवतो, वळवतो, गाळून घेतो. कधी तो प्रवाहच बुजवून टाकतो आणि पाणी दुसरी वाट धरते. नव्या वाटा उघडण्याचे काम पाणघोडे करतात: दिवसा पाण्यात आणि रात्री चरायला बाहेर, अशा त्यांच्या रोजच्या ये-जा करण्याने गवतात खोल चर पडतात आणि पुढच्या पुरात त्यांतून पाणी वाहू लागते. राणीच्या बागेत भिंतीला टेकून लहानपणी पाहिलेला तो सुस्त प्राणी या प्रदेशाचा पाटकरी आहे, ही गोष्ट मला फार आवडली. अर्थात आवडली ती अंतर राखून. दूरवर त्याचे घोगरे हसू ऐकू आले की आमचा नावाडी काठी थांबवून कान देई आणि खोल पाणी सोडून उथळ गवतातली वाट घेई.

ताईला येथे पक्षी भेटले. शिवडीच्या आणि ऐरोलीच्या चिखलात वर्षानुवर्षे दुर्बीण घेऊन उभी राहणारी ही बाई, तिला नवे पक्षी हवे होते आणि ओळखीचेही. कवड्या खंड्या दोन्हीकडे एकच, पाण्यावर एका जागी फडफडत थांबण्याची लकबही तीच. त्याला पाहून तिने एखादा शेजारी भेटल्यासारखा हात हलवला. आफ्रिकेतला कमळपक्षी लांबलचक बोटांनी पानांवरून चालत होता. मादी अंडी घालून निघून जाते, पिल्ले नर वाढवतो आणि धोका दिसला की त्यांना पंखांखाली उचलून घेतो, तेव्हा त्याच्या बगलेतून पिल्लांचे पाय लोंबताना दिसतात. नावाड्याने एका निळ्या कुमुदाचा देठ आलटून पालटून सोलून त्याची माळ केली आणि फूल पदकासारखे पुढे ठेवून ताईच्या गळ्यात घातली. या कुमुदाचे कंद तेथे शिजवून खातात, हे कळल्यावर तिने लगेच कृती विचारून घेतली.

परतीच्या दिवशी सकाळी त्याच नावाड्याने विचारले, "म्मा, पाण्याचे तोंड बघायचे आहे का?" जीपने आम्ही बोरो नदीच्या कोरड्या पात्रातून माउनच्या दिशेला उतरलो आणि एका वळणावर थांबलो. समोर वाळू होती, वाळलेले शेण होते, गुरांच्या खुरांचे ठसे होते, आणि त्यांच्यामधून पाणी येत होते. एखाद्याने ओसरीवर कळशी लवंडावी इतकीच त्याची जाडी. पुढच्या कडेला फेस, काटक्या आणि सुके गवत. ते एका ठशात शिरे, तो भरेपर्यंत थांबे, मग कडेवरून पुढच्या ठशात उतरे. तहानलेल्या वाळूतून बुडबुडे फुटत होते आणि त्यांचा बारीक चुरचुर आवाज येत होता, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखा. बिळांतून बाहेर पडलेले किडे, कोळी आणि भुंगेरे गवताच्या काड्यांवर चढत होते. कोतवाल वरून झडप घालून त्यांना उचलत होते आणि मागे बगळ्यांची ओळ पाण्याबरोबर एक एक पाऊल पुढे सरकत होती. पाण्यात बोटाएवढे मासेही होते. ज्या नदीत काल थेंब नव्हता तिच्यात ते पुराच्या पहिल्या फळीबरोबर चालत आले होते.

ताई वाळूवर बसली. साडीचा काठ पाण्याला लागेल म्हणून मी तिला उठवायला गेले, तर तिने हातानेच थांब म्हणून खुणावले. मग तिने एक काटकी उचलून पाण्याच्या कडेला खोचली. आम्ही डब्यातला चिवडा खाल्ला, चहा घेतला, नावाड्याने मिठीविषयी विचारले आणि ताईने त्याला कलिन्याची ती रात्र सांगितली: पाणी कुठून आले, किती वेगाने चढले, पेटी कशी तरंगत दारापर्यंत आली आणि मग कशी बुडाली. वीस वर्षांत मी तिच्या तोंडून पेटीची गोष्ट कधीच ऐकली नव्हती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तो पाऊस कुठे पडला होता?" "आमच्याच डोक्यावर," ताई म्हणाली. त्याला ते फार नवलाचे वाटले. आम्ही उठलो तेव्हा काटकी पाण्यात दोन हात आत गेली होती आणि तिच्या टोकावर एक चतुर बसला होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी नावाड्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की पाणी जुन्या पुलाखाली पोहोचले. सोबत छायाचित्र होते. पात्रात पोटरीभर पाणी, त्यात सात-आठ मुले आणि एक भिजलेला कुत्रा. मुलुंडला त्या वेळी धो धो पाऊस पडत होता आणि सकाळच्या पेपरात तलाव भरत आल्याची बातमी होती. मी छत्री घेऊन ताईकडे गेले आणि फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून छायाचित्र मोठे करून पाहिले, पुलाच्या खांबावर पाणी कुठे लागले आहे ते दोनदा तपासले, आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत 'अर्धा लिटर जादा' या शब्दांखाली उरलेल्या जागेत लिहिले, 'माउनला पाणी आले.'